पंधरा काचांची फुगडी

जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर एखादी हाताने फोकस करायची झूम लेन्स चढवा. दूरच्या दुकानाच्या पाटीवर फोकस करा आणि लेन्सची रुंद कडी सरकवा. पाटी वाढत वाढत अंगावर येते. आणि फोकस? जागच्या जागी! ना बॅटरी, ना मोटर. मग हे घडतं कसं?

एकट्या भिंगाला हे जमणार नाही. ते पुढेमागे केलं की चित्राचा आकार बदलतो आणि चित्र धूसरही होतं. म्हणून झूममध्ये काचांचे गट असतात. एक गट सरकून चित्र मोठं करतो, त्यात फोकस बिघडतो, आणि त्याच क्षणी दुसरा गट सरकून तो सावरतो. फुगडीत एक जण मागे झुकली की दुसरीलाही तोल राखून झुकावं लागतं, तसंच. पण या दुसऱ्या गटाची वाट सरळ नसते. कित्येक लेन्समध्ये तो आधी एका दिशेनं जातो आणि मध्येच उलटा फिरतो. कुठे फिरायचं हे त्याला कोण सांगतं? धातूच्या नळीत कापलेली एक वक्र खाच! गटाला जोडलेली खुंटी तिच्यातून धावते. सगळं गणित त्या खाचेच्या वळणात साठवलेलं आहे.

35 मिमी स्थिर कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम 1959 साली आली: व्हॉइग्टलँडरची झूमार, नाभीय अंतर 36 ते 82 मिमी, आत 14 काचा. रचना फ्रँक बॅक यांची. 1963 मध्ये निकॉनची 43-86 आली. आटोपशीर आणि लोकप्रिय, पण सरळ भिंतींना बाक आणणारी. इमारती टिपायच्या असतील तर हिच्या पहिल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका.

खरी कमाल 1970च्या सुमाराच्या निकॉर 80-200 एफ/4.5 मध्ये दिसते. आत 15 काचा, 10 गटांत. म्हणजे हवेला भिडणारे 20 पृष्ठभाग. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकते. वीस वेळा हे झालं तर फिल्मपर्यंत किती पोचेल? जेमतेम 44 टक्के! आणि परतलेला प्रकाश आतच भटकून चित्र पांढुरकं करील, ते वेगळंच. यावरचा तोडगा झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये काढला होता. काचेवर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ थर द्यायचा. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. पृष्ठभागामागे नुकसान एका टक्क्यावर आणलं, तरी त्याच वीस पृष्ठभागांतून 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश पार होतो. लेन्सवर दिसणारी ती जांभळट झाक म्हणजे हाच थर.

आणि काचेवर वाढणारी बुरशी नेमकी याच थराला इजा करते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेली लेन्स विकत घेताना म्हणूनच मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर परत करा. इतक्या काचा उघडून पुन्हा एका रेषेत बसवायला लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येऊ शकतो. मग लेन्सचं तोंड खाली करून धरा. नळी आपोआप घसरली तर आतली पकड झिजली आहे. शेवटी 200 वर फोकस करून 80 वर या. पाटी धूसर झाली, तर खाच-खुंटीचा मेळ बिघडला असण्याची शंका घ्या. झूम करताना फोकस न धरणाऱ्या रचनेच्याही लेन्स असतात. त्यांना हा निकष लावू नका.

लेन्स निवडताना कॅमेऱ्याचाही विचार करा. अशा अनेक कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दोन अर्ध्या चित्रांचं वर्तुळ असतं ना? रेषा जुळली की फोकस झाला. त्यातला एक अर्धा भाग लेन्सच्या एका काठाकडून येणारा प्रकाश बघतो, दुसरा समोरच्या काठाकडून. लेन्सचं तोंड लहान असेल तर त्यांना काठच सापडत नाही आणि अर्धं वर्तुळ काळं पडतं. एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड लहान; एफ/5.6 च्या आसपास हा त्रास सुरू होतो. म्हणून एफ/3.5 ते 4.5 ची, झूम करतानाही तोच आकडा टिकवणारी लेन्स घ्या.

माउंटही तपासा. निकॉनचं माउंट 1959 पासून तेच दिसतं, पण 1977 पूर्वीची, नव्या पद्धतीसाठी बदल न केलेली लेन्स निकॉनच्या एफएम2 कॅमेऱ्यावर चढवली तर कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

निकॉनवाल्यांनी माझं ऐकलं तर 1977 च्या अखेरची, नव्यानं रचलेली 80-200 एफ/4.5 शोधावी. काचा 15 वरून 12 वर आल्या, तरी चित्र उत्तम. मिळालीच तर चामड्याच्या डबीत बंद ठेवू नका. चामडं ओल धरतं. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि दर थोड्या दिवसांनी बाहेर काढून फोटो काढा.