कामाची वही आणि नमुन्यांची पेटी

आपल्याकडे एकाच कारखान्यात फर्निचर, सजावट, फलक, छपाई अशी वेगवेगळी कामे घेण्याचा प्रघात वाढला आहे. कामे वाढली की घोटाळेही वाढतात. कोणते काम कुठवर आले आणि जुना नमुना कुठे ठेवला, हे एकट्या मालकाच्या डोक्यात राहते. तो आजारी पडला की धंदा अडतो.

या बाबतीत अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या दाम्पत्याच्या कार्यालयाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे ते १९४३ ते १९८८ पर्यंत चालले. खुर्च्या, खेळणी, चित्रपट, प्रदर्शने अशी सर्व कामे तेथे होत. भारत सरकारसाठी या दाम्पत्याने १९५८ साली लिहिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली. आपल्या साध्या लोट्याची त्यात त्यांनी मोठी तारीफ केली आहे.

जुने काम नव्या कामाला कसे उपयोगी पडते, हे त्यांच्याकडे दिसते. महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकन नौदलासाठी प्लायवूड वाकवून जखमींच्या पायाला बांधायच्या पट्ट्या बनवल्या. तोच अनुभव युद्धानंतर खुर्च्यांसाठी कामी आला. १९६८ साली कच्च्या स्वरूपात केलेला एक लघुपट त्यांनी १९७७ साली नव्याने पूर्ण केला. १९७८ साली चार्ल्स यांचे निधन झाले. पुढील दहा वर्षे रे यांनी कार्यालयातील कागदपत्रे व छायाचित्रे लावण्यास बरीच मेहनत घेतली. १९८८ साली त्यांच्या निधनानंतर हा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सुरक्षित राहिला.

आपल्याला एवढा पसारा नको, पण पद्धत हवी. प्रत्येक कामाला क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ २५/१४, म्हणजे २०२५ सालातील चौदावे काम. तोच क्रमांक फाइलवर, नमुन्यावर आणि बिलावर घालावा. फाइलच्या पहिल्या पानावर ग्राहकाचे नाव, माप, ठरलेली रक्कम, बयाणा व मुदत लिहावी. मंजूर नमुन्यावर ग्राहकाची सही व तारीख घ्यावी. नंतर सांगितलेला बदल वाढीव खर्चासह लिहून त्याचीही सही घ्यावी. बहुतेक तंटे या तोंडी बदलांतूनच उद्भवतात.

काम संपले की फाइल आवरावी. अंतिम नक्षी, मंजूर नमुना, लागलेला माल व दिवस आणि तयार मालाचा फोटो एवढे ठेवले तरी पुरे. पुढच्या वेळी दर सांगताना हीच नोंद उपयोगी पडते. ग्राहकाच्या नावाने एक व मालाच्या प्रकाराने एक अशा दोन सूच्या कराव्यात. नमुना बाहेर गेला तर कोणी व कधी नेला ते लिहावे. कागद व कापड ओल आणि वाळवीपासून जपावे. संगणकातील नक्षीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. डिझाइन कायदा, २००० अन्वये नवीन नक्षीची नोंदणी दहा वर्षे व वाढवून आणखी पाच वर्षे टिकते. मात्र अर्ज सर्वसाधारणपणे नक्षी बाजारात आणण्यापूर्वीच करावा लागतो. आपली नक्षी कोणी उचलली, तर ती आधी आपली होती हे दाखवायला तारखेची नोंद आणि जपलेला नमुनाच कामी येतो.

यासाठी खर्च एका वहीचा आणि रोजच्या दहा मिनिटांचा आहे. हातचे हुनर पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे, तर त्यासोबत ही वहीही द्यायला हवी.