वैलावरचे मांस

चुलीच्या मुख्य तोंडाच्या कडेला जे दुसरे लहान तोंड असते, ज्यापर्यंत जाळ पोहोचत नाही पण जाळाची ऊब अखंड पोहोचत राहते, त्याला आपण वैल म्हणतो. आणि डुकराचे मांस शिजविण्याची विद्या म्हणजे वस्तुतः या वैलाची विद्या होय, असे माझे मत ग्वाल्हेरच्या पडावात गेलेल्या बालपणापासून बनलेले आहे. पडाव म्हणजे मुक्कामाची जागा, आणि ग्वाल्हेरचाच दुसरा भाग असलेले लष्कर म्हणजे सैन्याचा तळ. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी केली, तिचेच पुढे शहर झाले. फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपासून आमचे घर दूर नव्हते, आणि रेल्वेच्या शिट्ट्यांनी घरातली दुपार मोजली जाई.

संस्थानी अमदानीत सरदार-दरकदारांच्या घरी शिकारीचे रानडुक्कर हा हिवाळ्याचा मानाचा पदार्थ असे. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, शिकारखाने आणि मुदपाकखाने आवरले गेले. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराच्या शिकारीवर निर्बंध आले. माझ्या वाट्याला आले ते बाजारातले पाळीव डुकराचे मांस. पण त्याला लावायची रीत मात्र आत्याने जुनीच ठेवली होती. देवघराला लागून असलेल्या स्वयंपाकघरात या मांसाला मज्जाव असल्याने परसात एक स्वतंत्र मातीची चूल होती, आणि तिला वैल होता.

डुकराचे मांस रांधण्याची रीत आपल्याकडे अर्वाचीन मुळीच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथाच्या अन्नभोगाच्या प्रकरणात रानडुकरावर वस्त्र पसरून उकळते पाणी ओतावे आणि केस सुटले की ते काढावेत, असा विधी राजाने स्वतः लक्ष घातल्यासारखा सांगितलेला आहे. आयुर्वेदानेही वराहमांसाला स्निग्ध, बल्य, वातहर, पण पचण्यास गुरु ठरविले; त्या गुरुत्वाचा बंदोबस्त अग्नीनेच करावयाचा.

आता हा बंदोबस्त कसा होतो ते पाहू. खांदा आणि फरा हे प्राण्याचे कष्टकरी अवयव. त्यांच्या स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या पांढऱ्या चिवट पडद्यात कोलॅजन नावाचे प्रथिन असते. साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या सुमारास ते आक्रसते आणि तुकड्यातला रस पिळून बाहेर घालवते, म्हणून अर्ध्या तासाच्या शिजण्यानंतर मांस पहिल्यापेक्षाही कडक लागते, आणि नवशिका घाबरून जाळ वाढवितो. त्याची चूक तेथेच होते. सत्तर-ऐंशी अंशांपासून पुढे, पण केवळ पुरेशा वेळाने, तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होते, आणि रसात मिसळून तंतूंना मऊपणाचे आवरण देते. मोठा जाळ या कामाची मुदत फारशी आखडत नाही. उलट तंतू कोरडे करतो. पाळीव डुकराच्या मांसाला अडीच-तीन तास सहज लागतात. वयाने जून झालेल्या रानडुकराला याहून अधिक. एकदा मी शहाणपणा करून प्रेशर कुकर वापरला. त्यातले सुमारे एकशेवीस अंशांचे तापमान आणि माझी घाई यांच्या संगनमताने मांसाचा काथ्या झाला, आणि त्याचा दोष कुकराला देण्याची सोयही नव्हती.

आत्याची पद्धत अशी. चरबीचे तुकडे आधी कल्हईच्या पातेल्यात टाकायचे; वेगळे तेल घालायचे नाही, डुकराची चरबीच सुटून कांदा, आले, लसूण यांना पुरते. मांस तिच्यात परतून हळद, मीठ, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण, मिरी आणि लवंग घालायची. मग पातेले वैलावर सरकवायचे आणि वर पाण्याने भरलेली थाळी झाकण म्हणून ठेवायची. त्या थाळीत तापलेलेच पाणी गरजेप्रमाणे आत ओतायचे. “आधणाचंच घाल रे बाळा, गार घातलंस की रस्सा थबकतो,” असे ती बजावी, आणि ते शब्दशः खरे आहे, कारण गार पाण्याने सारे पातेले थंड पडते आणि त्याला पुन्हा लयीत आणण्यात वेळ जातो. रस्सा रटरटू वा खदखदू द्यायचा नाही. मधूनच एखादा बुडबुडा उठावा आणि फुटावा, एवढीच त्याला परवानगी. राजपुतान्याच्या शेजारामुळे काचरी हे लहान रानफळ घालून मांस लवकर मऊ करण्याची रीत आमच्या ओळखीच्या घरांत होती, पण काचरीतील पाचक द्रव्य वरवरच काम करते आणि बाहेरचा भाग पिठूळ करते, म्हणून आत्या तिला लबाडी म्हणे. मी तिच्याशी सहमत आहे.

आंबटपणाचा मार्ग याहून निराळा, आणि तो गोव्याने व वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांनी जपला. पोर्तुगिजांच्या वाइन-लसणाच्या मुरवणीतून विंदालू आला. वाइनच्या जागी शिर्का आला, आणि लाल मिरचीही पोर्तुगिजांच्याच गलबतांतून अमेरिकेहून येऊन त्यात विसावली. डुकराच्याच मांसाचे सोरपोतेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते, हे तिथले आतिथ्यशील यजमान आग्रहाने सांगतात. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदेही होते, पण वसईचा शिर्का त्यांच्या वंशजांच्या मुदपाकखान्यापर्यंत पोहोचल्याचे काही माझ्या पाहण्यात आले नाही.

एक सावधानी मात्र टाळता येणार नाही: डुकराच्या मांसातून पट्टकृमी व ट्रिकिनेला नावाचा कृमी येऊ शकतो, म्हणून आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत ते शिजलेच पाहिजे. मंदाग्नी म्हणजे अर्धवट अग्नी नव्हे, ही गोष्ट आत्याला कृमींची नावे ठाऊक नसताना ठाऊक होती.

आज आमच्या घरी गॅस आहे आणि वैल नाही. त्याऐवजी मी ज्योतीवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर पातेले ठेवतो, थाळीत पाणी घालतो आणि वाचायला बसतो. ग्वाल्हेरच्या थंडीत रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा सकाळी थिजून थरथरत्या जेलीसारखा होई, त्यावर चरबीचा पांढरा थर बसे. आत्या झाकण काढून पातेले तिरपे करी, आणि आतला गोळा जागचा हलला नाही की काही न बोलता ते पुन्हा वैलावर सरकवी.