दहशतवादी घटनांची मोजदाद आणि स्मरणदिनांची दिनदर्शिका

प्रस्तावना

दहशतवादाच्या अभ्यासात दोन साधनांचा वापर सातत्याने होतो. पहिले साधन घटनासूचीचे. हल्ला कोठे झाला, केव्हा झाला, कोणी केला, कोणाविरुद्ध केला आणि त्यात किती हानी झाली, याची ती नोंद असते. दुसरे साधन तारखांच्या यादीचे. संघटनेचा स्थापनादिन, तिच्या नेत्याचा मृत्युदिन, तिच्यावर झालेल्या कारवाईचा दिवस अशा तारखा तीत येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राने अनेक वर्षे प्रसिद्ध केलेल्या दिनदर्शिकेत ही दोन्ही साधने एकत्र आली होती. पूर्वीच्या हल्ल्यांच्या तारखा, हिजरी कालगणनेतील दिवस आणि स्मरणार्थ हल्ला करण्यासाठी अतिरेक्यांना महत्त्वाचे वाटू शकतील असे दिवस तीत एकाच पानावर छापलेले असत.

राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या शोधनिबंधांत अशा सूचींतील आकडे सर्रास उद्धृत केले जातात. मात्र तो आकडा कसा तयार झाला आणि ती तारीख नेमके काय सांगते, याची विचारणा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे. घटनासूची दिसते तितकी पक्की नसते. स्मरणदिनही पुढील हल्ल्याचा भरवशाचा इशारा नसतो; संघटनेच्या अंतरंगाविषयी मात्र तो बरेच काही सांगून जातो.

मोजणीची सुरुवात

आंतरराष्ट्रीय दहशतवादाच्या बहुतेक जुन्या सूची १९६८ या वर्षापासून सुरू होतात. त्या वर्षी २३ जुलै रोजी पॅलेस्टिनी मुक्तीसाठी लढणाऱ्या एका गटाने इस्रायलच्या एल अल कंपनीचे विमान पळवून अल्जीरियाला नेले. ही घटना नव्या कालखंडाचा आरंभ मानली गेली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील रँड या संस्थेत ब्रायन जेन्किन्स यांनी घटनांची कालानुक्रमणी उभारण्याचे काम हाती घेतले. एडवर्ड मिकोलस यांचा ‘इटरेट’ हा माहितीकोशही १९६८ पासूनच्याच घटना नोंदवतो. १९६८ पूर्वी राजकीय हिंसा नव्हती, असा याचा अर्थ नाही. सीमा ओलांडणारी हिंसा स्वतंत्रपणे मोजण्याची गरज त्या सुमारास वाटू लागली, एवढाच तो आहे.

व्याख्या आणि आकडे

‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषणच मोजणीची पहिली अडचण ठरले. अमेरिकी कायद्यानुसार एकाहून अधिक देशांचे नागरिक किंवा भूभाग ज्या घटनेत गुंतलेले असतील, तीच घटना आंतरराष्ट्रीय ठरत असे. २४ ऑगस्ट २००४ रोजी रशियात दोन प्रवासी विमाने चेचेन आत्मघातकी हल्लेखोरांनी जवळजवळ एकाच वेळी उडवली आणि सुमारे ९० जण मृत्युमुखी पडले. कट एक, रात्र एक, पद्धत एक. तरीही एका विमानात परदेशी प्रवासी होता म्हणून ती घटना मोजली गेली आणि दुसऱ्या विमानात तसा कोणी नव्हता म्हणून ती वगळली गेली. नियम काटेकोरपणे पाळला गेला होता. वास्तवाचे मात्र दोन तुकडे झाले.

याच्या काही महिने आधी याहून गंभीर प्रकार घडला होता. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २००३ या वर्षाचा वार्षिक अहवाल २९ एप्रिल २००४ रोजी प्रसिद्ध केला. वर्षभरात १९० आंतरराष्ट्रीय हल्ले झाले आणि ३०७ जण मरण पावले, असे त्यात म्हटले होते. हल्ल्यांचा हा आकडा १९६९ नंतरचा नीचांक असल्याने दहशतवादविरोधी मोहीम यशस्वी होत असल्याचा पुरावा म्हणून तो पुढे करण्यात आला. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर आणि राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड लेटिन यांनी अहवालाच्याच परिशिष्टातील घटना एकेक करून मोजल्या, तेव्हा गंभीर हल्ले घटलेले नसून वाढलेले असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. शिवाय ११ नोव्हेंबर २००३ नंतरच्या घटना अहवालात आल्याच नव्हत्या. १५ व २० नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये झालेले भीषण स्फोट त्यामुळे मोजणीतून निसटले होते. जून २००४ मध्ये सुधारित अहवाल निघाला. त्यात २०८ हल्ले व ६२५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे मृतांची संख्या दुपटीहून अधिक झाली. जखमींचा आकडा १,५९३ वरून ३,६४६ वर गेला. या दोघा प्राध्यापकांना कोणतीही गोपनीय माहिती मिळालेली नव्हती. मुख्य मजकुरातील आकडा आणि शेवटची यादी जुळते का, एवढेच त्यांनी पाहिले होते.

त्यानंतरची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली की गोंधळ अधिकच स्पष्ट होतो. २००४ या वर्षासाठी जुन्या निकषांनी ६५१ गंभीर हल्ले मोजले गेले. जम्मू-काश्मीरमधील घटनांची नोंद अधिक बारकाईने झाल्याचा त्या वाढीत मोठा वाटा होता. ‘आंतरराष्ट्रीय’ ही अट काढून देशांतर्गत हल्लेही धरल्यावर त्याच २००४ साठी ३,१९२ हा आकडा पुढे आला. २००५ साठी तो ११ हजारांच्या घरात गेला. २००३ चे २०८ आणि २००५ चे ११ हजार हे आकडे एकाच आलेखात मांडणारा अभ्यासक दहशतवादाची वाढ दाखवत नसतो. तो व्याख्येतील बदल दाखवत असतो. अशा आलेखांची वानवा नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

व्याख्येबाबत जागतिक एकमत नाही, हे याचे मूळ कारण होय. आंतरराष्ट्रीय दहशतवादावरील सर्वंकष कराराचा प्रस्ताव भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला; तो करार अद्याप झालेला नाही.

हरवलेले वर्ष

आज सर्वाधिक वापरला जाणारा माहितीकोश मेरीलँड विद्यापीठाचा आहे. १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय घटना त्यात आहेत. त्याचा पाया एका खासगी सुरक्षा कंपनीने १९७० ते १९९७ या काळात कार्डांवर हाताने लिहून ठेवलेल्या सुमारे ६७ हजार नोंदींचा आहे. विद्यापीठाने त्या मिळवल्या आणि काही वर्षे खपून संगणकावर उतरवल्या. मात्र कंपनीच्या कार्यालयाचे स्थलांतर होत असताना १९९३ या वर्षाची कार्डे गहाळ झाली होती. मुख्य कोशात त्यामुळे १९९३ हे वर्षच नाही. नंतर मिळवता आलेल्या थोड्या घटना वेगळ्या धारिकेत ठेवल्या आहेत आणि देशवार एकूण संख्या अन्य साधनांवरून दिल्या आहेत.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. त्याआधी दोनच आठवडे, २६ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली पहिला स्फोट झाला होता. भारतातील शहरी दहशतवादाचा आलेख मुख्य कोशावरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला या वर्षी रिकामी जागा दिसते, आणि संगणकाने ती जागा शून्य म्हणून वाचली तर मुंबईच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित शुक्रवार शांततेचा ठरतो. कोशकारांनी ही उणीव लपवलेली नाही, ती वापरपुस्तिकेत स्पष्टपणे दिली आहे. वापरपुस्तिका वाचली जात नाही, हा दोष वापरणाऱ्यांचा.

स्मरणदिन : संघटना काय जपते?

आता तारखांकडे वळू. काही हल्ल्यांत तारीख जाणीवपूर्वक निवडलेली असते, यात शंका नाही. बाबरी मशीद पाडल्याच्या पहिल्या वर्षदिनी, ५ व ६ डिसेंबर १९९३ च्या रात्री, देशातील अनेक रेल्वेगाड्यांत स्फोट घडवण्यात आले. अमेरिकेत वेको येथील वेढ्याचा शेवट १९ एप्रिल १९९३ रोजी झाला आणि टिमथी मॅकव्हे याने ओक्लाहोमा सिटीतील इमारत नेमक्या १९ एप्रिल १९९५ रोजी उडवली. तमिळ ईलमच्या मुक्ती वाघांनी (एलटीटीई) २४ जुलै २००१ रोजी कोलंबोजवळच्या विमानतळावर हल्ला केला, तेव्हा १९८३ च्या जुलैमधील तमिळविरोधी हत्याकांडाची आठवण सर्वांनाच झाली.

तथापि हीच संघटना वेगळेही काही शिकवते. तिच्या वर्षातील सर्वांत मोठा दिवस २७ नोव्हेंबर, म्हणजे वीरदिन. १९८२ मध्ये त्या दिवशी तिचा पहिला सैनिक शंकर मरण पावला. त्या सायंकाळी कबरींवर दिवे लावले जात, मृतांचे आईवडील सन्मानाने बोलावले जात आणि प्रभाकरनचे वार्षिक भाषण होई. १९८७ मध्ये ५ जुलैला झालेल्या पहिल्या आत्मघातकी हल्ल्याच्या स्मरणार्थ ‘काळ्या वाघांचा’ दिवस पाळला जाई. हे दिवस प्रामुख्याने भरतीचे, निधीसंकलनाचे, निष्ठा पुन्हा बांधून घेण्याचे होते. त्या दिवशी हल्ला झाला की नाही, एवढेच पाहणाऱ्याच्या हातून संघटनेचा हा अर्धा कारभार सुटतो.

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर असेच चित्र दिसत आले. नक्षलवादी संघटना चारू मुजुमदार यांच्या मृत्युदिनापासून, म्हणजे २८ जुलैपासून, ३ ऑगस्टपर्यंत शहीद सप्ताह पाळत आणि २ डिसेंबरपासून आपल्या सशस्त्र दलाचा स्थापना सप्ताह. २ डिसेंबर १९९९ रोजी मारल्या गेलेल्या तीन केंद्रीय नेत्यांच्या स्मरणार्थ ते दल बरोबर एक वर्षाने स्थापन झाले होते. या काळात गडचिरोलीच्या दुर्गम भागात पत्रके टाकली जात, स्मारके उभी राहत, बंदची हाक दिली जाई, रस्त्यावर झाडे आडवी पडत आणि एसटीच्या फेऱ्या रद्द होत. पोलिसांची दक्षता अर्थातच या दोन सप्ताहांत वाढवली जाई. परंतु २००९ हे वर्ष गडचिरोली पोलिसांना सर्वाधिक जड गेले, ते कोणत्या तारखांना? मरकेगाव येथे १ फेब्रुवारीला १५ पोलीस, हत्तीगोटा येथे २१ मे रोजी १६ आणि लाहेरी येथे ८ ऑक्टोबरला १७ पोलीस मारले गेले. यांतील एकही तारीख त्या दोन सप्ताहांत येत नाही. लाहेरीची घटना विधानसभेच्या मतदानाच्या पाच दिवस आधीची. निवडणूक आयोगाने जाहीर केलेली ती तारीख नक्षलवाद्यांच्या कोणत्याही स्मरणयादीत नव्हती.

योगायोगाचे गणित

स्मरणदिनांच्या याद्या खऱ्या ठरल्यासारख्या वाटतात, याला साधे गणिती कारण आहे. एका संघटनेचे दहा महत्त्वाचे दिवस धरले आणि ‘त्या दिवसाच्या आसपास’ म्हणजे मागेपुढे तीन दिवस अशी सूट दिली, तर प्रत्येक तारीख सात दिवस व्यापते. दहा तारखांचे सत्तर दिवस झाले, म्हणजे वर्षाचा सुमारे १९ टक्के भाग. हल्ल्याची तारीख पूर्णपणे योगायोगाने ठरली तरी पाचांतील एक हल्ला स्मरणदिनाशी जुळलेला दिसेल. अशा पाच-सहा संघटनांच्या तारखा एकत्र केल्या की वर्षात मोकळा दिवस शोधावाच लागतो.

२६ नोव्हेंबर २००८ चे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९४९ मध्ये या दिवशी भारताची राज्यघटना स्वीकृत झाली. १९५४ मध्ये याच दिवशी प्रभाकरनचा जन्म झाला होता. तारखांत अर्थ शोधणाऱ्याला येथे भरपूर सामग्री आहे. प्रत्यक्षात डेव्हिड हेडली याने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दूरचित्रसंवादाद्वारे जी साक्ष दिली, तीनुसार हल्ल्याचे दोन प्रयत्न सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००८ मध्ये फसले होते. पहिल्या खेपेस बोट खडकावर आदळली. म्हणजे जी तारीख आज ‘२६/११’ या आकड्यांनी ओळखली जाते, ती कोणी पंचांग पाहून काढलेली नव्हती. तिसरा प्रयत्न त्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्याला लागला, इतकेच.

म्युनिकची घटनाही अशीच. ‘ब्लॅक सप्टेंबर’ या गटाचे नाव जॉर्डनमधील सप्टेंबर १९७० च्या संघर्षावरून पडले आणि ११ इस्रायली क्रीडापटू व प्रशिक्षकांचे हत्याकांड ५ व ६ सप्टेंबर १९७२ ला झाले. नाव आणि महिना जुळले खरे, पण ऑलिंपिक स्पर्धाच तेव्हा चालू होत्या. याच गटाने जॉर्डनचे पंतप्रधान वस्फी ताल यांची कैरोत हत्या केली, ती २८ नोव्हेंबर १९७१ रोजी. माद्रिदच्या ११ मार्च २००४ च्या स्फोटांनंतर न्यूयॉर्कच्या हल्ल्याला मध्ये ९११ दिवस लोटल्याचा हिशेब लोकांनी मांडला. तीन दिवसांनी स्पेनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती, ही गोष्ट त्या हिशेबात मागे पडली.

उलट बाजूने पाहता एकाच हल्ल्याला अनेक तारखा लागू पडतात. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाला. तो महाराष्ट्र दिन होता, कामगार दिन होता, आणि २२ व २३ एप्रिल २०१८ च्या चकमकींत ४० नक्षलवादी मारले गेल्याला नुकतेच वर्ष झाले होते. यांपैकी कोणते कारण निर्णायक होते हे तारीख सांगू शकत नाही. आदल्या रात्री दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली गेली आणि तिकडे निघालेल्या पथकाचा मार्ग ठाऊक असलेल्यांनी सुरुंग लावला, हा तपशील मात्र पुष्कळ सांगतो.

अभ्यासकाने तारखांचा वापर टाळावा, असे यातून निघत नाही. कोणत्या तारखा महत्त्वाच्या मानणार आणि किती दिवसांची सूट देणार, हे घटनासूची उघडण्यापूर्वीच लिहून ठेवावे. हल्ला झाल्यावर त्याला साजेशी तारीख शोधू नये. धार्मिक कालगणनेच्या बाबतीत ही शिस्त विशेष आवश्यक ठरते. ‘इस्लामिक स्टेट’ने २९ जून २०१४ रोजी, रमजानच्या पहिल्या दिवशी, खिलाफतीची घोषणा केली आणि २०१६ च्या रमजानमध्ये हल्ल्यांचे आवाहन केले, हे खरे आहे. पण एका संघटनेने कोट्यवधींच्या उपवासाचा महिना आपल्या प्रचारासाठी वापरला म्हणून तो महिनाच संशयाच्या यादीत छापला, तर ती यादी संघटनेचेच म्हणणे मान्य करते. ६ डिसेंबर या एका तारखेला मुंबईत पोलीस बंदोबस्त असतो, आणि त्याच दिवशी चैत्यभूमीवर लाखो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी शांतपणे रांगेत उभे असतात.

तारखांवरील हक्क

पीडितांच्या बाजूनेही तारखा आता राखल्या जात आहेत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर उडवले गेले व ३२९ जण मरण पावले. कॅनडाने २००५ पासून हा दिवस दहशतवादाच्या बळींचा राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून स्वीकारला. भारतात राजीव गांधी यांच्या हत्येचा दिवस, २१ मे, दहशतवादविरोधी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २१ ऑगस्ट निश्चित केला आहे.

काही तारखांवरील वाद संघटनेच्या अंतानंतरही मिटत नाही. २००९ मध्ये मुक्ती वाघांचा पाडाव झाला, तरी श्रीलंकेच्या उत्तरेतील कुटुंबे २७ नोव्हेंबरला दिवे लावतात. ते पुत्राचे स्मरण की संघटनेचे, असा प्रश्न शासन विचारत आले आहे. ग्रीसमध्ये १७ नोव्हेंबर १९७३ रोजी लष्करी राजवटीने अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधील विद्यार्थ्यांचा उठाव रणगाडा घालून चिरडला. त्या दिवसाचे नाव धारण करणाऱ्या गटाने पहिली हत्या २३ डिसेंबर १९७५ रोजी केली आणि पुढील सत्तावीस वर्षे तो पकडला गेला नाही. २००२ च्या उन्हाळ्यात पिरेअस बंदरात स्वतःच्याच बॉम्बने एक सदस्य जखमी झाला, तेव्हा गट उघडकीस आला. अथेन्सचे विद्यार्थी त्या गटाच्या जन्मापूर्वीपासून या दिवसाचे स्मरण करीत होते. गटाचे सदस्य तुरुंगात गेल्यानंतरही दरवर्षी १७ नोव्हेंबरला पॉलिटेक्निकच्या दारावर फुले वाहून मोर्चा अमेरिकी वकिलातीकडे निघतो.