परका हात शरीर कधी नाकारते?

जानेवारी 2014 मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना एका तरुणीने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट 2020 मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात तिला चेन्नईच्या दात्याचे हात बसवले गेले. हाडे, रक्तवाहिन्या, नसा जोडायला काही तास पुरतात. शरीराची समजूत मात्र जन्मभर काढावी लागते.

कारण त्वचा. परक्या त्वचेवर प्रतिकारशक्ती विशेष त्वेषाने तुटून पडते. पेशींवरच्या ‘एचएलए’ प्रथिनांवरून तिला परका ओळखता येतो.

काहींच्या शरीरात या हल्ल्याची तयारी आधीच झालेली असते. कोल्हारच्या एखाद्या शेतकऱ्याचा हात कडबाकुट्टीत गेला, तर जीव वाचवायला रक्त चढवावे लागते. त्यातून परक्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. गरोदरपणामुळे किंवा भाजल्यावर लावलेल्या दुसऱ्याच्या त्वचेमुळेही हे घडते. म्हणून आधी रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींशी ताडून पाहतात. तीच ‘क्रॉसमॅच’ चाचणी. प्रतिपिंडे जास्त असतील तर प्लाझ्मा बदलून ती कमी करण्याचा प्रयत्न होतो.

पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमससारखी औषधे कायमची. त्यांनी संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढतो. पण ती सोडताही येत नाहीत: 1998 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे हात मिळालेल्या रुग्णाने औषधे थांबवली आणि 2001 मध्ये तो हात काढावा लागला.

एक सोय आहे. नकाराची सुरुवात त्वचेवरच्या लाल चट्ट्यांतून दिसते, त्यामुळे उपचार लवकर होतात. तरीही हाताविना जीव जात नाही. प्रतिपिंडे फारच असतील, तर चांगला कृत्रिम हात हाच शहाणा पर्याय ठरू शकतो.