सहा मिलिमीटरच्या पुढे: जर्मनीत मुलांच्या दातांच्या तारा आणि सरकारी विमा

बस-ट्रेनमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोनदा अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय.

विषय ताईच्या घरातून आला. ताई, भावजी आणि भाचा स्टुटगार्टला असतात, मी शिकायला आलो तेव्हापासून दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला. भाचा नऊ वर्षांचा असताना त्याचे वरचे दात पुढे आलेले दिसायला लागले. आमच्या लहानपणी पुण्यात तारा लावायच्या म्हणजे सरळ बाबांच्या खिशातून खर्च, विम्याचा विचारसुद्धा कुणी करायचं नाही. म्हणून ताईला वाटलं, इकडे क्रांकेनकासे, म्हणजे सरकारी आरोग्य विमा आहे, मूल फॅमिली इन्शुरन्समध्ये फुकट आहे, मग तारा पण फुकटच!

तसं नाहीये. थोडं आहे, थोडं नाही.

जर्मनीत 2002 पासून यासाठी एक मोजपट्टी आहे. नाव लांबलचक आहे, सगळे नुसतं 'किग' म्हणतात. दात सरळ करणारा डॉक्टर, म्हणजे कीफरऑर्थोपेडे, मोजमाप करून 1 ते 5 यातली एक पायरी देतो. 3, 4 किंवा 5 आली आणि उपचार अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू झाले, तर कासे पैसे देते. 1 किंवा 2 आली तर सगळा खर्च आपला. दात कसे दिसतात, मुलाला शाळेत काय चिडवतात, याला या मोजपट्टीत जागाच नाही. फक्त मिलिमीटर आणि दात एकमेकांवर कसे बसतात ते.

वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते मोजतात. 3 ते 6 मिलिमीटरपर्यंत असेल तर पायरी 2. सहाच्या वर गेलं की थेट 4, आणि नऊच्या वर 5. या प्रकारात तिसरी पायरीच नाही! म्हणजे बरोबर 6 मिलिमीटर असलेल्या मुलाला काही नाही, आणि साडेसहा असलेल्याला सगळं. उलट, खालचे दात वरच्यांच्या पुढे असतील तर पायरी थेट 4 पासूनच सुरू होते. दाटीवाटीचा हिशोब वेगळा: दाताला जागा तीन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी पडत असेल तर 3, चारपेक्षा जास्त तर 4. आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती ही, की दोन्ही बाजूंनी दात आडवे चावत असतील तर 3, पण एकाच बाजूने चावत असतील तर 4. कारण एका बाजूचं चावणं जबड्याला वाकडं खेचतं.

भाच्याचं नवव्या वर्षी पाच मिलिमीटर भरलं. पायरी 2. त्या क्लिनिकने लगेच दुसरा कागद पुढे केला: काढता-घालता येणारी प्लेट, स्वतःच्या खर्चाने, आत्ताच सुरू करा. ताई सही करणारच होती. मग त्यांच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, घाई नाही, अजून दुधाचे दात पडायचेत, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. नीट लक्षात घ्या, 'वाईट होऊ दे, मग विमा मिळेल' असं मी सांगत नाहीये. थांबायचं की नाही हे डॉक्टर सांगणार. पण पायरी कायमची नसते, ती त्या दिवशीच्या मोजमापाची असते. अकराव्या वर्षी खालचा ओठ दातांमागे अडकायला लागला होता, दुसऱ्या डॉक्टरकडे मोजलं तर सात मिलिमीटर. पायरी 4.

आता पैसे. इथे बहुतेक आपले लोक गोंधळतात. पहिल्या मुलासाठी कासे 80 टक्के थेट डॉक्टरला देते. उरलेले 20 टक्के तुम्ही दर तिमाहीच्या बिलाने भरायचे, आणि उपचार प्लानप्रमाणे पूर्ण झाले की कासे ते परत करते. घरातल्या दुसऱ्या मुलाचे उपचार त्याच वेळी चालू असतील तर त्याच्यासाठी 10 टक्केच. समजा मान्य खर्च 3,000 युरो, तर 600 तुमचे अडकले, तीन-चार वर्षं. शेवटी डॉक्टर पूर्ण झाल्याचं पत्र देतो, ते आणि सगळ्या पावत्या कासेला पाठवायच्या. ताईने फ्रिजवर एक पाकीट चिकटवलंय, त्यावर मराठीत लिहिलंय 'दात'.

पण उपचार मध्येच सोडले तर? कायद्यात, म्हणजे सामाजिक कायद्याच्या पाचव्या भागातल्या कलम 29 मध्ये, परतावा पूर्ण करण्याशी बांधलाय. गावं बदलली तरी चालतं, नवीन डॉक्टर पुढे चालवतो, आधी कासेला कळवायचं. पण अर्ध्यात कायमचे भारतात परतलात तर ते 20 टक्के गेले असं धरून चाला. भावजींना पुण्याच्या ऑफिसची ऑफर आलीय, म्हणून हे आमच्याकडे सध्या जेवणाच्या टेबलावर आहे. पगार वाढला म्हणून मध्येच प्रायव्हेट विम्यात उडी मारणाऱ्यांनीही आधी विचारा, कारण कासेची मंजुरी तुमच्यासोबत तिकडे जात नाही.

दुसरा खड्डा म्हणजे जास्तीचा करार, मेअरकोस्टेन. छोटे ब्रॅकेट, दातांच्या रंगाचे ब्रॅकेट, खास लवचीक तार, दातावर सीलिंग. यातलं काही मुलाला सोयीचं असेलही. पण कासेच्या पैशात साध्या धातूच्या तारांनी होणारे नीट उपचार येतात, आणि कासेशी करार असलेल्या डॉक्टरने ते जास्तीचे पैसे न घेता द्यायलाच हवेत. जास्तीचं घेतलंत तर ते लेखी असलं पाहिजे, आणि ते पैसे शेवटी परत मिळत नाहीत. ताईसमोर हजार युरोच्या वरचा कागद आला. ती म्हणाली, "घरी नेऊन वाचते." रिसेप्शनवरच्या बाईंचा चेहरा पडला, पण कागद घरी आला. त्यातली एकच गोष्ट घेतली, सीलिंग.

आणि वेगळा दातांचा प्रायव्हेट विमा काढायचा असेल तर तो डॉक्टरने काही लिहून देण्याआधी. 'तारा लागणार' असं एकदा कागदावर आलं की त्या खर्चाला बहुतेक कंपन्या हात लावत नाहीत.

मंजुरी येईपर्यंत काही सुरू करू देऊ नका. प्लान हल्ली क्लिनिकमधून थेट कासेकडे ऑनलाइन जातो, मंजुरी साधारण चार वर्षांपर्यंतची असते. भाच्याची चार महिन्यांपूर्वी आली. रबर बँड तो रोज हरवतो, आणि भावजींनी पुण्याला अजून उत्तर दिलेलं नाही.