सूर्यापासून मिळणारी वीज आणि घरातील बिल

सूर्यप्रकाशाला मूल्य द्यावे लागत नाही. कोळसा खाणीतून काढावा लागतो, रेल्वेने वाहून न्यावा लागतो आणि भट्टीत जाळावा लागतो. सूर्याचे किरण मात्र आपण होऊन भूमीवर येतात. मग सूर्यापासून केलेली वीज घरोघर जवळजवळ फुकट का मिळू नये? हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे विजेचे बिल कशाकशाचे बनलेले असते, हे ध्यानात येते.

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. १० वॅटचा दिवा तेवढ्याच विजेवर १०० तास जळतो. भारतात राष्ट्रीय सौर अभियानाचा आरंभ २०१० साली झाला. त्या वेळी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेसाठी ठरविलेला दर युनिटमागे १७.९१ रुपये होता. पुढे शासनाने लिलावाची पद्धत स्वीकारली. जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्याला काम मिळू लागले. त्याच काळात सौर पॅनेलच्या किमती जगभर उतरल्या. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भडला येथील प्रकल्पासाठी २.४४ रुपयांची बोली आली आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातमधील लिलावात दर १.९९ रुपयांपर्यंत खाली आला.

किरण फुकट असले, तरी पॅनेल, जमीन व तारा ह्यांसाठी प्रारंभीच मोठे भांडवल गुंतवावे लागते. म्हणून सौर विजेचा दर मुख्यतः त्या भांडवलावरील व्याजावर अवलंबून असतो. पंचवीस वर्षांचा खरेदीकरार हाती असला म्हणजे कर्ज स्वस्त मिळते आणि वीजही स्वस्त पडते.

परंतु हा दर प्रकल्पाच्या दाराशी असतो. तेथून घरापर्यंत वीज आणण्यासाठी मनोरे, रोहित्रे, तारा व कर्मचारी लागतात. वाटेत काही वीज तारा तापण्यात नष्ट होते. समजा, १०० युनिटे निघाली आणि ९० पोहोचली, तर पोहोचलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत एक-नवमांशाने वाढली.

दुसरी अडचण वेळेची आहे. घरात दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू ह्यांवाचून चालणारी झाली. तथापि प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेचा मोठा भाग कोळशाचाच होता. रात्रीसाठी ही केंद्रे सज्ज ठेवावी लागतात आणि त्यांचा खर्च बिलात येतो.

ह्यावर एक उपाय म्हणजे वीज साठविणे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे ९०० मेगावॅटचे आणि महाराष्ट्रातील घाटघर येथे २५० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथे वीज मुबलक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवितात व मागणी वाढली की खाली सोडून पुन्हा वीज घेतात. चढविण्यास लागलेली सर्व वीज मात्र परत मिळत नाही. दुसरा उपाय वेळेनुसार दर आकारण्याचा. २०२३ मधील केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांत दर कमी व अधिक मागणीच्या तासांत जास्त ठेवण्याची दिशा घालून दिली.

तिसरा उपाय घराच्या छपरावरचा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरले. असा संच महिन्याकाठी सुमारे ३०० युनिटे देऊ शकतो. दिवसा उरलेली वीज तारांत सोडावयाची आणि रात्री तारांतून घ्यावयाची, अशी त्याची योजना असते.

येथेच न्यायाचा एक प्रश्न उभा राहतो. छपराचा मालक बिल जवळजवळ शून्यावर आणू शकतो. पण रात्री त्यालाही त्याच तारा लागतात. चाळीत भाड्याने राहणाऱ्याला छप्परच नसते. तारांचा खर्च कायम राहिला आणि तो देणारे कमी झाले, तर उरलेल्यांवरील भार वाढतो. उलट, छपरावरील संचांवर मोठा स्थिर आकार बसविला, तर ते बसविण्यास कोणी पुढे येणार नाही. ह्या दोहोंमधील समतोल साधणे, हे धोरणाचे खरे काम होय.

हे काम प्रामुख्याने राज्यांच्या वीज नियामक आयोगांकडे आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरविण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्याच लागतात. सूर्याने दिलेल्या स्वस्ताईचा वाटा कोणाला किती मिळावा, हे तेथे ठरते. म्हणून बिलावरील प्रत्येक रकमेचा अर्थ जाणून घेणे केवळ काटकसरीसाठी नव्हे, तर नागरिक म्हणून आपले म्हणणे मांडता यावे ह्यासाठीही आवश्यक आहे.