गाडीचा उखळीचा सांधा

मुलांनो, टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराकडे निघालेला पिकअप तुम्ही पाहिलाच असेल. मागे क्रेटची थप्पी, रस्ता शेतातला, एक चाक खड्ड्यात तर दुसरं दगडावर! पण ड्रायव्हरच्या हातात असतं ते एकच स्टेअरिंग. ते जरासं फिरवलं, की पुढची दोन्ही चाकं एकदम वळतात. कशी बरं? चाकांना काही कान नसतात!

बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता. बैल वळले की गाडी वळली. आपल्या जुन्नर-आंबेगावकडे बैलगाडा शर्यतीचा घाट तर सरळच असतो, तिथे वळायचं कामच नाही. खरी अडचण येते ती चार चाकांच्या गाडीला. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावरून जातं आणि बाहेरचं मोठ्या. कंपासने एकाच केंद्राभोवती दोन वर्तुळं काढून पाहा, म्हणजे पटेल. म्हणून आतलं चाक थोडं जास्त वळवावं लागतं, नाहीतर टायर फरफटतो. यावर तोड काढली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने. १८१८ साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमान याने. आणि आजही नाव घेतलं जातं ते आकरमानचंच!

आता गाडीखाली डोकावू या. (नुसतं वाकून हं, खाली शिरायचं नाही.) स्टेअरिंगचा दांडा खाली एका पेटीत जातो. तिथून दोन्ही चाकांकडे लोखंडी दांडे जातात. गॅरेजमध्ये त्यांना 'टायरॉड' म्हणतात. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की हा टायरचा रॉड! पण तो 'टाय' रॉड आहे. टाय म्हणजे बांधणे. चाकांना स्टेअरिंगशी बांधून ठेवणारा तो टायरॉड.

हा दांडा चाकाला घट्ट जोडून चालणार नाही. चाक वर-खाली उडतं, डावीकडे-उजवीकडे वळतं. मग जोड कसा हवा? विज्ञानाच्या पुस्तकातला खांद्याचा सांधा आठवा. गोल डोकं, त्याला बसेल अशी वाटी. उखळीचा सांधा! टायरॉडच्या टोकाला अगदी तसाच लोखंडी गोळा आणि वाटी असते. आत ग्रीस भरलेलं आणि वरून रबराची टोपी.

सगळा घात होतो तो या टोपीपाशी. रबर फाटलं, की चिखल, पाणी आणि वाळू आत शिरते. ग्रीस जातं, गंज येतो, गोळा झिजतो आणि वाटीत खुळखुळू लागतो. खड्ड्यातून जाताना पुढून 'टक टक' आवाज येतो. स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, मेस्त्री म्हणतात, "प्ले आलाय." टायर एकाच कडेने झिजतो. आणि झीज फारच वाढली, तर गोळा वाटीतून निसटतो. मग ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. माळशेज घाटाच्या उतारावर हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. ज्या जीपमधून तुम्ही शाळेत जाता, तिच्यातून असा आवाज येत असेल तर घरी जरूर सांगा. "जुनी गाडी आहे, वाजायचीच" असं म्हणून सोडून देणं मला तरी पटत नाही.

पालकांनो, मेस्त्री तपासतात ती रीत सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावतात. मग चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवतात. हाताला खुळखुळ लागली आणि दुसऱ्या माणसाला तो सांधा हलताना दिसला, की तो बदलायचा. वरून नुसतं ग्रीस चोपडून झिजलेलं लोखंड परत येत नाही.

बदलण्याचं काम पाहण्यासारखं असतं. आधी स्प्लिट पिन काढतात. मग येतो 'कॅसल नट'. कॅसल म्हणजे किल्ला. आपण शिवनेरीच्या पायथ्याचे लोक, तेव्हा हे नाव का पडलं ते आपल्याला लगेच कळेल: तटाच्या चऱ्यांसारख्या खाचा त्याच्या डोक्यावर असतात. त्या खाचांतून पिन आरपार जाते, म्हणून नट आपोआप फिरून सैल होत नाही. नट काढला तरी सांधा सुटत नाही. कारण त्याची दांडी निमुळती असते आणि पाचरीसारखी रुतून बसते. ती पुलर लावून काढतात. मग जुना सांधा रॉडवरून फिरवत काढताना मेस्त्री आटे मोजतात: अठरा, एकोणीस, वीस... नवीन सांधा तितकेच आटे फिरवून बसवायचा. का? रॉडची लांबी बदलली, तर चाकाचं तोंडही बदलेल! काही गाड्यांत रॉडच्या एका टोकाचे आटे उलटे असतात. त्यामुळे नुसता रॉड फिरवूनही लांबी कमी-जास्त करता येते.

नट कसल्यावर पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही, तर नट किंचित पुढे कसायचा, मागे सैल करायचा नाही. आणि पिन नवीनच घालायची. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वाकवली, की तुटायला वेळ लागत नाही. शेवटी मशीनवर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं. आटे कितीही नीट मोजले तरी बारीक फरक राहतोच, आणि तो नव्या टायरवर उमटतो.

काढलेला सांधा मात्र मेस्त्रींकडून मागून घ्या, रॉकेलने स्वच्छ धुवा आणि वर्गात न्या. आमच्या वर्गात असा एक टेबलावर असतो. सांध्यांचा धडा आला, की मुलं एका हाताने तो फिरवतात आणि दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवतात.